आयसोची टिपाडं

वाळूजच्या एमआयडीसीत मोटारसायकलच्या सीटचा फोम बनवणारा एक कारखाना होता. तिथं कडूबा सांडू दांडगे अठरा वर्षं कामाला होता. त्यातली दहा वर्षं त्यानं मागच्या आवारात, रिकाम्या टिपाडांच्या सोबतीनं काढली.

मूळचा तो शेंद्र्याकडचा. तिकडं नवी एमआयडीसी आली तेव्हा घरच्या जमिनीतला बराचसा तुकडा तिच्यात गेला. उरलेल्या रानात तीन भावांचं भागेना. थोरल्या दोघांनी शेती धरली आणि धाकटा कडूबा बायकोला, सुरेखाला घेऊन बजाजनगरात एका खोलीत राहायला आला. शेंद्र्यात कारखाने उभे राहायला अजून अवकाश होता, वाळूजला मात्र माणूस लागतच होता. साल दोन हजार एक.

फोम दोन पातळ रसायनांपासून होतो. कारखान्यात एकाला पॉली म्हणायचे आणि दुसऱ्याला आयसो. आयसोसायनेट हे पूर्ण नाव कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं. साच्यात दोन्ही एकत्र ओतली, की दूध उतू यावं तसं ते मिश्रण फुगून वर यायचं आणि काही मिनिटांत सीट तयार व्हायची. आयसो यायचं लोखंडी टिपाडांतून, एकेकात अडीचशे किलो. टिपाड रिकामं झालं की मागच्या आवारात.

कडूबाला आयसोची पहिली ओळख झाली ती दोन हजार चारच्या मे महिन्यात. जेवणाच्या सुट्टीआधी कुणीतरी एका रिकाम्या टिपाडात हात धुतलेलं पाणी ओतलं आणि झाकण गच्च आवळून टाकलं. कडूबा भिंतीआड चहा पीत उभा होता. तोफ उडावी तसा आवाज झाला. बाहेर येऊन बघतो, तर टिपाड मडक्यासारखं गोल फुगलेलं, झाकण वरच्या पत्र्यातून आरपार गेलेलं. नशीब, जवळ कुणी नव्हतं.

"गॅस धरला असंल," सुपरवायझर म्हणाला.

"पण कामून धरला?" कडूबानं विचारलं.

सुपरवायझरनं फुगलेलं टिपाड कडेला लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिथं काम करायला कुणी राजी होईना, म्हणून ते मागचं आवार, यार्ड, कडूबाच्या गळ्यात आलं. त्यानंही नको म्हटलं नाही. यार्डात साच्यांची घाई नव्हती, डोक्यावर साहेब नव्हता.

उत्तर मिळालं चार वर्षांनी. कारखान्यात नीरजा धारूरकर नावाच्या सेफ्टी ऑफिसर आल्या. वय जेमतेम अठ्ठावीस. वडील कोर्टात कारकून होते, घर शहरातल्या पुंडलिकनगरात. पहिल्याच आठवड्यात त्या यार्डात येऊन टिपाडांवरची लेबलं वाचत फिरल्या.

"आयसोला पाणी दिसलं की ते त्याला धरतंच," त्या म्हणाल्या. "दोघांचा मिळून गॅस होतो. झाकण बंद असेल तर तो गॅस जाणार कुठं?"

कडूबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण हातमोजे आणि डबीवाला मास्क पुढं आला तेव्हा तो हसला.

"मॅडम, चार वर्षं झाली, रोज ह्याच्यातच हात हायेत मपले. काय झालंय मला?"

"अजून नाही झालं. हे हळूहळू अंगात मुरतं, दांडगे. एकदा का छातीनं धरलं, की मग कणभरही सोसत नाही. आणि वास येईल तेव्हा पळू, असं म्हणू नका. काही आयसोला वासच नसतो. आणि ज्याला असतो, त्याचा वास येईपर्यंत हवेत ते हद्दीपेक्षा जास्त झालेलं असतं."

"हद्द किती?"

"तिखट वासाचं जे आयसो आहे ना, त्याची कायद्यात लिहिलेली हद्द हवेच्या वीस कोटी भागांत एक भाग."

"वीस कोटी?" कडूबानं डोळे मोठे केले. "मंग इथं मोजलं कुणी?"

मोजलं कुणीच नव्हतं. पुढच्या महिन्यात त्यांनी हवा मोजायचं यंत्र आणवलं आणि यार्डाला नियम लावून दिला. रिकाम्या टिपाडात धुण्याचा सोडा आणि साबण घातलेलं पाणी भरायचं. झाकण उघडं ठेवायचं. दोन दिवस टिपाडाला हात लावायचा नाही. मग ते पाणी कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत सोडायचं, लेबल खरवडायचं आणि बुडाला तीन भोकं पाडायची. भोकं पाडलेलं टिपाड प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या माणसालाच द्यायचं. तो ते वितळवायला नेणार.

"येवढं धुतल्यावर भोकं कामून?" कडूबानं विचारलं.

"कारण धुतलेलं टिपाड चांगलं दिसतं. चांगलं दिसलं की कुणीतरी त्यात पाणी भरणार. धुतलं तरी ते पाण्याचं भांडं होत नाही."

ही गोष्ट मात्र कडूबाला मनापासून पटली, कारण टिपाड मागायला त्याच्या दारात माणसं येतच असत. बजाजनगरात नळाला पाणी एक दिवस असायचं, तीन दिवस नसायचं. शेजारचे म्हणायचे, "दांडगे, येक तरी अख्खं द्या की." तो पहार आणि घण घेऊन प्रत्येक टिपाडाला तीन भोकं पाडायचा आणि रिकाम्या हातानं घरी यायचा. गल्लीत त्याचं नाव पडलं भोकवाले मामा. सुरेखाला त्याची लाज वाटायची, त्याला वाटत नव्हती.

मग दोन हजार तेराचा उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. जायकवाडी धरणात तळाचं पाणी उरलं, कारखान्यांचं पाणी कापलं गेलं. गावोगाव टँकर फिरू लागले आणि शहराच्या कडेला मात्र नव्या इमारतींचे स्लॅब ओतले जातच होते.

प्लांटचे मॅनेजर हिमांशू साहेब एका सकाळी यार्डात आले. माणूस वाईट नव्हता. मशीन बंद पडलं तर शंभर घरं बसतील, हे त्यांना दिसत होतं.

"मामा, टिपाडं धुवायला रोज दोन हजार लिटर पाणी जातं. आता ते बंद. पाऊस पडेपर्यंत नुसती रचून ठेवा."

"भोकं?"

"धुतल्याशिवाय भोकं पाडली तर आतलं सांडेल. राहू द्या तशीच."

नीरजा मॅडमनी लेखी हरकत घेतली. कागद फायलीत गेला. टिपाडं यार्डात साचत गेली, भिंतीला लागली. एप्रिलच्या शेवटी कडूबा तीन दिवस सुट्टीवर होता. परत आला, तर यार्ड मोकळं. चांगली त्रेचाळीस टिपाडं गेली होती.

"भंगारवाला घेऊन गेला," वॉचमन म्हणाला. "साहेबांनी जागा मोकळी करायला सांगितली व्हती."

"भोकं न पाडता?"

वॉचमनला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. कडूबानं मॅडमना सांगितलं, त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, वितळवायला पाठवली.

त्यानंतरच्या रविवारी कडूबा आणि सुरेखा मोटारसायकलवरून शेंद्र्याकडं निघाले. कडूबाची थोरली बहीण साळूबाई तिकडच्याच एका खेड्यात दिलेली. तिला दम्यासारखं काहीतरी होतंय असा निरोप होता. बघायला गेले तर नुसती सर्दी निघाली. ओसरीवर चहा झाला. चूळ भरायला कडूबा अंगणात उतरला आणि जागच्या जागी थांबला.

दारात हिरव्या रंगानं रंगवलेलं कोरं टिपाड उभं होतं. वरचा पत्रा कापून काढलेला, कडा ठोकून गोल केलेल्या, आत काठोकाठ पाणी. त्यानं आत वाकून बघितलं. भांड्याच्या बुडाला खरवड धरावी तसा पिवळट, कडक थर तळाला आणि कडेला धरलेला होता. असा थर त्यानं नऊ वर्षांत हजारदा बघितला होता.

"आक्का, हे कुठून आणलं?"

"टेम्पो आला व्हता मंगळवारी. गावात लई जणांनी घेतली. कामून?"

"हे पाणी पिलात का तुमी?"

"प्यायला हंडा हाये. पर काल हंडा रिकामा व्हता म्हनून सैपाकाला ह्यातलंच घेतलं. जरा तेलकट वास येतो, तवा म्या तुरटी फिरवली."

कडूबानं दोन्ही हातांनी टिपाडाची कड धरली, गुडघा लावला आणि ते आडवं केलं. दोनशे लिटर पाणी अंगण ओलांडून गल्लीत गेलं, धुळीत दोन हात पुढं सरकलं आणि दिसेनासं झालं.

साळूबाईला आधी काही कळलंच नाही. मग तिनं कपाळावर हात मारला.

"अरं कडू, येड लागलं का तुला? चार दिसांनी टँकर येतो! माजी सून पहाटं उठून नंबरला बसती!"

"आक्का, ह्याच्यात जहर व्हतं. मपल्या कारखान्याचं टिपाड हाये हे."

"मंग चार दिस आमी मेलो का?"

आवाज ऐकून गल्लीतल्या बाया जमल्या. समोरच्या चंपाबाईच्या दारातही तसंच टिपाड होतं. कडूबा तिच्याकडं वळला तशी ती टिपाडापुढं पाय रोवून उभी राहिली.

"माझ्या पाण्याला हात लावशील तर बघ, पाव्हण्या."

कडूबा मागं सरला. बहिणीचं पाणी ओतायचा हक्क त्यानं न विचारता घेतला होता. परक्या बाईचं तो ओतू शकत नव्हता. गावात हिंडून त्यानं मोजलं, अकरा घरांत तसली टिपाडं होती. देवळाच्या पारावर बसून त्यानं मॅडमना फोन लावला.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या गाडीनं आल्या. सोबत रसायनाची माहिती छापलेले कागद होते, त्यावर कवटीचं चित्र. त्यांनी नीट समजावून सांगितलं, कुणाला न घाबरवता. भरल्या टिपाडातलं आयसो पाण्याशी मिळून आता कडक झालंय, पण त्यातून जे पाण्यात उतरतं ते पोटात जाणं बरं नाही. त्याच्यातल्या काहींनी पुढं मोठे आजार होतात असा संशय आहे. बाया ऐकत होत्या. चंपाबाईनं कागद उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला.

"बाई, तुमचं खरं असंल. पर टिपाड नेलं तर आमी कागद प्यायचा का?"

मॅडमनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. कडूबा हलकेच म्हणाला, "मॅडम, आधी पाणी आणा. मंग टिपाडं मागू."

त्याच दुपारी दोघं हिमांशू साहेबांच्या केबिनमध्ये उभे होते. मॅडमनी दोन गोष्टी मागितल्या. गावात रोज एक टँकर, आणि प्रत्येक टिपाडाच्या बदल्यात पाण्यासाठीच बनवलेलं नवं प्लास्टिकचं पिंप.

"टिपाडं भंगारवाल्यानं विकली, आपण नाही," साहेब म्हणाले.

"कायदा तसं म्हणत नाही, सर. विषारी कचरा ज्याचा, तो योग्य माणसाच्या हाती जाईपर्यंत जबाबदारी त्याची."

"ठीक आहे. आठ दिवस थांबा. आपण गुपचूप गोळा करू. मग मंडळाला कळवायचं का ते बघू."

"मी सकाळीच कळवलं."

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. मग कडूबाला विचारलं, "मामा, तुमच्या बहिणीच्या घरी लहान मुलं आहेत?"

"दोन हायेत, साहेब."

टँकर दुसऱ्या दिवशी गेला.

भंगारवाल्यानं पोलिसांचं नाव ऐकल्यावर तोंड उघडलं. तीन गावं आणि वाळूजजवळच्या रांजणगावातली एक गल्ली. पुढचे नऊ दिवस कडूबा कंपनीच्या टेम्पोतून फिरला. प्रत्येक दारात तो आधी नवं पिंप उतरवायचा, टँकरच्या पाइपनं ते भरून द्यायचा, आणि मगच जुनं उचलायचा. कुठं शिव्या मिळाल्या, कुठं चहा. चंपाबाईनं आपलं टिपाड शेवटपर्यंत अडवून धरलं. नवं पिंप भरल्यावर त्यातला एक तांब्या तिनं कडूबाला प्यायला लावला, आणि मग बाजूला झाली.

त्रेचाळीसपैकी चाळीस मिळाली. तीन मिळालीच नाहीत. टेम्पोवाल्याला आठवत नव्हतं, एक बहुतेक रस्त्यावर कुणाला तरी दिलं असं तो म्हणाला. पुढं कित्येक महिने कडूबा कुठंही गेला, लग्नाला गेला, अंत्यविधीला गेला, तरी लोकांच्या अंगणात आणि न्हाणीत डोकावत राहायचा. "अवो, चांगलं दिसत नाय ते," सुरेखा म्हणायची. गावांत कंपनीनं डॉक्टर नेऊन तपासण्या केल्या. कुणाला काही निघालं नाही. पुढं काय होईल, हे सांगायला डॉक्टरही तयार नव्हते. कारखान्याला नोटीस आली, तपासणी झाली, आणि टिपाडं धुवायचं पाणी पुन्हा सुरू झालं, ह्या वेळी सांडपाणी शुद्ध करून.

साळूबाई त्याच्याशी सहा महिने बोलली नाही. दिवाळीला आली ती आपणहून.

कडूबाचा खोकला त्याच हिवाळ्यात सुरू झाला. आधी संध्याकाळी यायचा, घरी पोचल्यावर. मग छाती आवळल्यासारखी व्हायची, शिट्टीसारखा आवाज निघायचा. थंडी आहे, धूळ आहे, असं म्हणत त्यानं पावसाळा गाठला. सुरेखाच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली होती.

"रविवारी तुमाला खोकला येत नाय."

"आराम असतो म्हनून."

"आन् आपण आठ दिस गावाकडं व्हतो तवाबी नव्हता. तिथं तर लई धूळ. मॅडमला सांगा."

"सांगितलं तर यार्डातनं काढतील मला."

"मंग काढू द्या ना!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की शेजारणीनं दारातून वाकून पाहिलं.

त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सुरेखाच बजाजनगरातून चालत कारखान्याच्या गेटवर गेली आणि मॅडमना बाहेर बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी त्याला एक नळी दिली. तिच्यात जोरानं फुंकायचं, काटा किती वर जातो ते लिहायचं; दिवसातून चार वेळा, कामावरही आणि घरीही. तीन आठवडे त्यानं इमानदारीनं लिहिलं. कागदावर ते उघडं दिसत होतं. सोमवारपासून काटा खाली खाली यायचा, रविवारी वर चढायचा. डॉक्टर म्हणाले, हा आयसोनं धरलेला दमा आहे. आता ह्या माणसाला आयसोच्या आसपासही जायचं नाही, मास्क लावूनही नाही, एक मिनिटही नाही. आणि हा आजार सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, त्यामुळं ते कळवावं लागेल.

"नका कळवू, डॉक्टरसाहेब," कडूबानं हात जोडले. "नोकरी जाईल मपली."

"मामा," सोबत आलेल्या मॅडम म्हणाल्या, "त्रेचाळीस टिपाडांचं मी कळवलं तेव्हा तुम्ही माझ्या बाजूला उभे होतात."

मग त्यानं कागद पुढं ओढला आणि सही केली.

नोकरी गेली नाही. सरकारी तपासणी आल्यावर कंपनीला त्याला दुसरं काम देणं भाग पडलं. हिमांशू साहेबांनी त्याला गेटवर, वजनकाट्याच्या खोलीत बसवलं. यार्डात त्याच्या जागी दोन माणसं नेमली, दोघांनाही पूर्ण तोंडाचे मास्क दिले आणि दर सहा महिन्यांनी छातीची तपासणी लावली. कडूबाचा दमा कमी झाला, पण गेला नाही. थंडीत त्याला जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. यार्ड सुटल्याचं त्याला वाईट वाटायचं, हे त्यानं सुरेखालाही कधी सांगितलं नाही. पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा पाणी कापलं, तो गेटवरच होता. दोन हजार एकोणीसला त्यानं नोकरी सोडली.

नीरजा मॅडम त्याच्या आधीच शेंद्र्याच्या एका मोठ्या कारखान्यात गेल्या होत्या. तिथं फ्रिजच्या भिंतीत भरायचा फोम बनतो. आयसो तिथं टिपाडांतून नाही, बंद टँकरमधून येतं, पाइपातून जातं. नवी भरती झाली की त्या कडूबाला बोलावतात. बजाजनगरातून शेंद्रा लांब पडतं, पण तो जातो. मशीनच्या शेडमध्ये त्याला नेत नाहीत. पार गेटजवळच्या हॉलमध्ये खुर्ची देतात. आसपासच्या गावांतली पोरंपोरी पुढं बसलेली असतात. आधी मॅडम पडद्यावर चित्रं दाखवतात, मग कडूबा उभा राहून बोलतो. त्याला भाषण येत नाही. जे झालं ते तो ओळीनं सांगतो, मध्येच थांबतो, खिशातला दम्याचा पंप काढून दोनदा ओढतो आणि पुढं सांगतो.

गेल्या वेळी मागच्या रांगेतल्या एकीनं हात वर केला.

"मामा, तुमाला तर मॅडमनी मास्क दिला व्हता ना? मंग तुमाला कसं झालं?"

मॅडम खाली बघू लागल्या. कडूबानं पंप खिशात ठेवला.

"दिला व्हता," तो म्हणाला. "साहेब आले की लावायचो. उन्हाळ्यात लई उकडायचं त्याच्यात, घाम डोळ्यात जायचा. मंग गळ्यात अडकवून ठेवायचो. दुसऱ्यायला सांगायचो लावा म्हनून, आन् मपला गळ्यात."

एवढं बोलून तो खाली बसला.